शमादानावरचा गुलाबी डाग

१

तेत, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा सण, दोन दिवसांवर आला आणि खिएमकाकांच्या घरातलं पितळी धुपाटणं नाहीसं झालं.

साधंसुधं भांडं नव्हतं ते. पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर मधोमध बसायचं. झाकणावर आयाळवाला सिंह, आणि धूप पेटवला की सिंहाच्या तोंडातून धूर निघायचा. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या लावायची दोन पितळी शमादानं. काकांच्या आजोबांनी ते होडीत घालून या कालव्याकाठी आणलं, तेव्हा म्हणे इथे घरसुद्धा नव्हतं. आधी धुपाटणं आलं, मग छप्पर आलं. वर्षाच्या शेवटच्या दुपारी आख्खं गाव आपापल्या पितरांना सणासाठी घरी बोलावतं. देव्हारा रिकामा ठेवून त्यांना बोलवायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्या सकाळी मी साऊमावशीच्या पडवीत सणासाठी आंबट संत्री पाकवत बसले होते. साऊमावशी माझी सख्खी मावशी. सा देक शहराच्या बाजारात तिच्या पाकवलेल्या फळांना नाव आहे. पण गावात तिला ओळखतात ते वेगळ्या कामासाठी. तंटे मिटवणाऱ्या मंडळाची ती प्रमुख. कुणाची कोंबडी गेली, कुणाचं कुंपण रातोरात पुढे सरकलं, कुणाची बायको माहेरी जाऊन बसली, सगळं तिच्या ओट्यावर येतं. पोलिसांकडे जाण्याआधी लोक तिच्याकडे येतात आणि बहुतेकांना पुढे जावंच लागत नाही.

"पाकात चिमूटभर लिंबूसत्त्व टाक," ती मला सांगत होती. "नाहीतर उद्या साखर बसेल तळाला आणि माझं नाव जाईल."

तेवढ्यात खिएमकाकांचा मुलगा तोआन अंगणात धावत आला. पायात चपला नव्हत्या.

"मावशी, लवकर चला. धुपाटणं चोरीला गेलंय. आणि ताईने थोमची बॅग भरायला काढलीय."

२

थोम म्हणजे तोआनची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आणि ताई म्हणजे काकांची थोरली मुलगी लुआ. ती सायगावला असते, सणाला येते. आली की घराचा ताबा घेते. त्या दिवशी ती पहाटेच्या बसने उतरली, मागच्या दारी पाय धुवायला गेली आणि तिने टब पाहिला.

आम्ही पोचलो तेव्हा टब तसाच होता. त्यात निळसर झाक आलेलं पाणी आणि पाण्यात आडवी पडलेली दोन शमादानं. धुपाटण्याची जागा रिकामी.

"बघा मावशी, हिचे उद्योग!" लुआ कमरेवर हात ठेवून उभी होती. "पितरांची भांडी रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पुडीच्या पाण्यात बुडवून ठेवली, तीही मागच्या दारी, कालव्याच्या तोंडावर! आमची आई शमादानं आंबट करमळाने घासायची. धुपाटणं तर बाबा स्वतःच पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ही आली आणि दोन दमड्यांच्या अकलेने सगळं बुडवलं. बुडवलं की विकलं कोण जाणे. हिच्या भावाचं भंगाराचं दुकान आहे, हे काय मी सांगायला हवं?"

"वन्सं, माझा भाऊ बाटल्या नि डबे घेतो." थोमची मान ताठ होती. "कुणाचे पितर नाही घेत."

"ऐकलंत? वर तोंड करून बोलते!"

तोआन मध्ये उभा होता. एकदा बहिणीकडे बघत होता, एकदा बायकोकडे. अशा माणसाचा दोन्हीकडून राग येतो.

खिएमकाका देव्हाऱ्यासमोर खुर्चीत बसले होते. दोन दिवसांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आदल्याच संध्याकाळी ते इस्पितळातून घरी आले होते. एका डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली, आणि वाटीआडून डोळा लालबुंद दिसत होता.

"डोळा का एवढा लाल, दादा?" साऊमावशीने विचारलं.

"झोप नाही लागली."

"पोलिसांना बोलवायचं का?"

"नको." काका घाईने म्हणाले. "जाऊ दे आता. बाजारातून मातीचं आणा एखादं. पितरांना काय, धूर पोचला म्हणजे झालं."

लुआ गर्रकन त्यांच्याकडे वळली. "बाबा! पणजोबांचं धुपाटणं, आणि मातीचं आणा म्हणता? बघा मावशी, धक्क्याने कसे झालेत ते. मी सांगते, ही इथे असताना मी पितरांना बोलावू देणार नाही."

मावशी टबाजवळ उकिडवी बसली. एक शमादान उचलून तिने उन्हात फिरवलं. सोन्यासारखं झगझगत होतं ते. पण एका बाजूला, मध्यावर, पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी डाग होता. दुसरं उचललं. त्यावरही तसाच, एकाच बाजूला.

"जाळलंन् बघा!" लुआ म्हणाली. "एवढा वेळ ठेवतं का कुणी?"

मावशी हळूच म्हणाली, "थोम, हे पाणी फेकू नकोस हं." आणि मग तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

३

थोमचं स्वयंपाकघर लखलखीत होतं. चुलीवरच्या किटलीच्या आत डोकावून मावशी म्हणाली, "आमच्या किटलीत बोटभर क्षाराची खडी साचलीय. तुझ्यात कणही नाही."

"लिंबूसत्त्व घालून उकळते." बोलायला काहीतरी मिळालं म्हणून थोमला बरं वाटलं. "माशाचे हातही त्यानेच धुते, वास जातो. मामंजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर खिळ्याचा गंज लागला होता, तोही त्यानेच गेला. वन्सं मला पुडीवाली म्हणतात."

"काल काय झालं ते सांग."

"मामंजी इस्पितळात होते. म्हटलं, दरवर्षी ते एकटे धुपाटणं पुसत बसतात, यंदा त्यांना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. ते यायच्या आत आपणच चमकवून ठेवू. कोमट पाण्यात पुडी विरघळवली. टब लहान, म्हणून धुपाटणं मधे ठेवलं आणि शमादानं त्याला टेकवून उभी केली."

"टबात आणखी काही होतं? चाकू, साखळी, तार?"

"नाही हो. तीनच वस्तू."

"काका आले तेव्हा त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं ना, मोठ्या कौतुकाने. ते एकदम गप्प झाले. मला वाटलं, प्रवासाने थकलेत." तिने डोळे पुसले आणि सवयीने तांदळाच्या रांजणाचं झाकण काढलं. "दुपारचा भात तरी टाकते. सणात रांजण भरलेला हवा म्हणून कालच ह्यांना सांगितलं होतं. बघा, रांजण तोंडापर्यंत आलाय. आणले वाटतं ह्यांनी. आणले तरी सांगायची सवय नाही."

मावशीने रांजणात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "आज भात टाकू नकोस. आमच्याकडून येईल. आणि ती बॅग पलंगाखाली सरकव. कुणी काही म्हटलं तर सांग, साऊने सांगितलंय."

बाहेर तोआन भेटला. मावशीने जाता जाता विचारलं, "तांदूळ आणलेस का रे?"

"नाही हो. दुपारी जाणार होतो. आता या गोंधळात..."

मावशी भराभर घाटाकडे निघाली. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "मुओयची होडी शोध."

४

मुओय दरवर्षी तेतच्या आधी होडीतून दारोदार फिरतो आणि पितळेची भांडी उजळून देतो. आदल्या दिवशी तोही खिएमकाकांच्या घाटावर आला होता, आणि थोमशी त्याची बाचाबाची झाली होती, हे साऱ्या कालव्याने ऐकलं होतं. मला तर तोच चोर वाटत होता.

तो पुलाखाली होडी बांधून भात खात होता.

"या, या. चोर बघायला आलात?" तो तोंडातला घास न संपवताच म्हणाला. "सकाळपासून तिसरी खेप ही. मघाशी एकजण माझी ताडपत्री उचकून गेला."

"थोमला काय बोललास काल?"

"काय बोलणार? म्हटलं, बाई, तुमच्या पुडीने आमचं पोट मारलं. पूर्वी या कालव्यावर मला जेवायला फुरसत नसे. आता ज्याच्या त्याच्या घरी टब नि पुडी. रागाने बोललो, खोटं कशाला सांगू? पण ती पोर चांगली आहे. रागावली, आणि वर गार पाणी दिलंन्."

"शमादानं बघितलीस?"

"ओट्यावर मांडली होती. मी म्हटलं, ही दोन तरी माझ्याकडे द्या, फुकटात करून देतो, पुडीपेक्षा कशी उजळतात ते बघा."

"दोनच? आणि धुपाटणं?"

मुओयने ताटातला मासा उगाच उलटा केला. आदल्या दिवशी त्याने बोटाच्या पेराने धुपाटण्यावर टिचकी मारून पाहिली होती, हे मागाहून थोमने सांगितलं.

"ते नको म्हटलं."

"का?"

"मावशी," तो म्हणाला, "मी पितळ उजळतो. त्याच्यापलीकडे मला विचारू नका. म्हाताऱ्या माणसाचं घर आहे."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "हा काहीतरी लपवतोय."

"लपवतोय खरा. पण स्वतःचं नाही." मावशी एवढंच बोलली. घरी पोचल्यावर तिने मला दोन पितळी पळ्या आणि भाजी चिरायचा लोखंडी कोयता काढायला सांगितला.

५

थोमच्या टबातलं पाणी आम्ही दोन पातेल्यांत आणलं होतं. मावशीने ते कोमट केलं. एका पातेल्यात नुसती पळी बुडवली. दुसऱ्यात पळीला कोयता टेकवून ठेवला. मग आम्ही संत्री पाकवत बसलो.

ऊन कलल्यावर तिने दोन्ही पळ्या बाहेर काढल्या. पहिली पिवळीधमक. दुसरी, कोयता टेकला होता त्या भागात, गुलाबी.

अगदी तोच रंग.

"लुआ म्हणते, जास्त वेळ राहून जळली," मावशी सांगू लागली. "तसंही होतं, पितळ फार वेळ आंबटात राहिलं तर गुलाबी पडतं. पण मग चहूबाजूंनी पडेल. शमादानं एकाच बाजूला का पडली? जी बाजू धुपाटण्याला टेकली होती, तीच. आंबट पाण्यात पितळेतलं थोडं तांबं उतरतं. त्यात लोखंड पडलं आणि पितळेला भिडलं, की ते तांबं पितळेवर येऊन बसतं. माझी पाकाची कढई अशीच चिमट्यापायी बिघडली होती."

"पण टबात लोखंड नव्हतंच."

"तीन वस्तू होत्या. दोन पितळेच्या."

मी पळी खाली ठेवली. "म्हणजे धुपाटणं..."

"वर मुलामा, आत लोखंड. मुओयला टिचकीच्या आवाजावरून कळलं. आता विचार कर. चोर आला असता तर त्याने काय नेलं असतं? खरं पितळ टबात सोडून लोखंड कोण नेईल? ते पाण्यातून काढायची घाई एकालाच होईल, ज्याला माहीत आहे की आंबटात मुलामा सुटणार. आणि आयुष्यभर ते स्वतः, कोरड्या फडक्याने, कुणाला जवळ येऊ न देता कोण पुसत होतं?"

"खिएमकाका? पण त्यांचं तर ऑपरेशन..."

"वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं सांगून पाठवलं होतं. म्हणून डोळा लाल झाला. आणि तोआनने तांदूळ आणले नसताना रांजणातले तांदूळ वर आले. खाली काहीतरी गेल्याशिवाय तांदूळ वर येतात का?"

मला एकदम राग आला. "मग थोमवर आळ येत असताना ते गप्प कसे बसले?"

"तेच विचारायला चाललेय," मावशी म्हणाली. "पण आधी एकट्याला. सगळ्यांसमोर उघडं पाडायला ते काही चोर नाहीत."

६

काका कालव्याच्या पायरीवर बसले होते. मावशी शेजारी बसली आणि तिने गुलाबी पळी त्यांच्या हातात दिली. चांगल्या डोळ्याने त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"रांजणात हात घातलास का, साऊ?"

"नाही. तुम्ही काढाल म्हणून थांबलेय. दादा, आत एका पोरीचं घर मोडतंय."

"मी पहाटे काढलं ते पुसून, सोनेरी रंग देऊन परत ठेवायला. दरवर्षी जिथे मुलामा उडतो तिथे देतो तसा. तेवढ्यात लुआ आली, दिवे लागले. हाताला लागला तो रांजण. मग ओरडा सुरू झाला, आणि दर घटकेला बोलणं आणखी अवघड होत गेलं."

"खरं कुठे आहे?"

काकांनी कालव्याकडे हात केला, पुढे नदीकडे, आणि त्याच्याही पुढे. मग ते उठले. "चल. एकदाच सांगतो, सगळ्यांसमोर."

त्यांनी स्वतःच्या हाताने रांजणातले तांदूळ उपसले. तोआन धावला तर त्याला मागे सारलं. मावशीने मात्र दटावलं, "डोळा घालवाल, सरका!" आणि ते जड धुड तोआननेच वर काढलं. सिंहाच्या आयाळीला तांदळाचे दाणे चिकटले होते. पोटावरचा मुलामा सोलून खालचं काळं लोखंड दिसत होतं.

"तुमचे विन्हकाका," खुर्चीत बसत काका म्हणाले.

त्या घरात ते नाव कुणी घेत नसे. काकांचा थोरला भाऊ एका रात्री आईबापांना न सांगता निघून गेला, कृतघ्न निघाला, एवढंच मुलांना माहीत होतं.

"युद्धानंतरच्या त्या वर्षांत कितीतरी जण होडीने देश सोडून जात होते. विन्हदादाने मला उठवलं. म्हणाला, थोरला मुलगा मी आहे. धुपाटणं जिथे, तिथे पितर. सगळं सोडून चाललोय, एवढं तरी दे. मी दिलं. होडीत चढताना त्याने ते तान्ह्या पोरासारखं पोटाशी धरलं होतं. म्हणाला, पोचलो की कळवतो. त्या होडीतल्या कुणाचंच काही कळलं नाही. कधीच."

"मग हे?" तोआनने विचारलं.

"बाबांना सांगितलं, पाय हललाय, दुरुस्तीला नेलंय. ओतकाम करणारा एक मित्र होता, त्याच्याकडून हे करून आणलं. बाबांची नजर अधू झाली होती, त्यांनी हात फिरवला आणि मान डोलावली. पुढे खरं सांगता आलं असतं. बाबा गेले, आई गेली, तेव्हाही सांगता आलं असतं. पण कसं सांगू? धुपाटणं घरात आहे तोवर विन्हदादा नुसता रुसून गेला होता. कुठेतरी असेल, म्हातारा झाला असेल, असं म्हणता येत होतं. धुपाटणं त्याच्याबरोबर गेलं म्हटलं की तो बुडालाच."

बाहेर एक होडी झेंडूच्या कुंड्या घेऊन गेली, तिच्या इंजिनाचा आवाज दूर जाईपर्यंत सगळे तसेच उभे होते.

मग काका थोमकडे वळले. "पोरी, तुझ्यावर आळ आला आणि मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो. भावाला मरू द्यायचं नव्हतं म्हणून तुला मारत होतो. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

थोम रडली नाही. तिने आपल्या ढगळ सदऱ्याच्या टोकाने सिंहाच्या आयाळीतले दाणे एकेक करून टिपले. धुपाटणं नीट कोरडं केलं, त्याला खोबरेल चोळलं आणि तोआनला खुणेने सांगितलं. त्याने ते उचलून देव्हाऱ्यावर मधोमध ठेवलं.

"खोटं आहे गं ते," काका पुटपुटले.

"इतकी वर्षं धूर त्यातूनच गेला ना वर?" मावशी म्हणाली. "पितरांना खोटं वाटलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं त्यांनी. लुआचेच पितर ना ते, गप्प बसणारे आहेत का?"

लुआला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. ती आतल्या खोलीत गेली. मी दारातून पाहिलं, पलंगाखालची बॅग ओढून ती थोमचे कपडे एकेक बाहेर काढत होती, हाताने सुरकुत्या मोडून कपाटात ठेवत होती. माफीचा शब्द तिने उच्चारल्याचं मला आठवत नाही. पण सगळे कपडे ठेवून झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि खाली बसून भाजी निवडू लागली.

काका अजून खुर्चीतच होते. थोम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, विन्हकाकांचं कधी श्राद्ध झालं नाही?"

"कसं होणार? मेला असं कुणी म्हटलंच नव्हतं."

"मग पितरांबरोबर यंदा त्यांनाही बोलवू. पान वाढू. त्यांना काय आवडायचं खायला?"

काकांनी चांगला डोळा मिटला. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"खरवड," ते म्हणाले. "भाताची खरवड. आई भात करपवायची नाही, म्हणून तो चोरून जाळ वाढवायचा. मार खायचा आणि खरवड खायचा. मला अर्धी द्यायचा."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, पितरांना बोलवायच्या वेळी, आम्ही सगळे त्या घरी होतो. मुओयलाही मावशीने हाताला धरून आणलं होतं. चुलीवर भात होता. थोडासा करपल्याचा वास सुटला तशी थोम जाळ कमी करायला वाकली.

"थांब," लुआ मागून म्हणाली. "अजून जरा लागू दे. अर्धी बाबांना द्यायचीय."